यादीत नसलेल्या पाटल्या

सिंधूआत्याच्या हातातल्या पाटल्या काही केल्या निघत नव्हत्या. मनगटं सुजून टम्म झाली होती. गजराबाईंनी वाटीत साबणाचा फेस केला, आत्याचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "सिस्टर, जरा कळ काढा. बाळंतिणीला सांगत हुता तसं. श्वास घ्या, सोडा."

त्याही अवस्थेत आत्या हसली. "आता तू मला शिकव."

दोघींनी मिरजेजवळच्या एका सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं एकत्र काढली होती. आत्या नर्स, गजराबाई आया. आत्यानं लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर ती आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली. गजराबाई घरोघरी तान्ह्या बाळांना तेल लावून अंघोळ घालायच्या. माझ्या रेवालाही त्याच घालत. रेवा तेव्हा दोन महिन्यांची होती आणि त्या दुपारी माझ्या मांडीवर झोपली होती.

पहिली पाटली सुटली. मग दुसरी. गजराबाईंनी चारही पाटल्या पाण्यातून काढल्या, पदरानं कोरड्या केल्या आणि एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"एक. दोन. तीन. चार. मोजून घेतल्यास न्हवं?"

"घेतल्या."

आत्या डोळे मिटून म्हणाली, "सगळ्याचे दोन वाटे केलेत मी. एक तुझा, एक सुहासचा. मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून तुझं नाव घातलंय, ऋतू."

"मला कशाला? मला भीती वाटते असल्या कागदांची."

"म्हणूनच घातलंय. तू कुलूप लावून जिना उतरतेस आणि परत वर येऊन ओढून बघतेस. घाबरट माणूस दुसऱ्याची वस्तू नीट सांभाळतो."

आठवड्याभरानं आत्या गेली.

दिवसवार झाले आणि महिन्याभरानं मला रजिस्टरनं एक पत्र आलं. सही करताना माझ्या बोटांचं तेल पोस्टमनच्या कागदाला लागलं. पत्र अॅडव्होकेट मगदूम यांचं होतं. माझा थोरला भाऊ सुहासदादा याला कोर्टानं वर्षापूर्वी नादार जाहीर केलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा मांडव डेकोरेशनचा धंदा होता. ओळीनं दोन हंगाम लग्नं झाली नाहीत. खुर्च्या, झुंबरं, कमानी गोदामात पडून राहिल्या आणि कर्जं वाढत गेली. शेवटी त्यानंच अर्ज केला. मगदूम वकील कोर्टानं नेमलेले रिसीव्हर होते. दादाचं जे काही असेल ते ताब्यात घेऊन, ज्यांचे पैसे बुडाले त्यांना सारख्या प्रमाणात वाटणं हे त्यांचं काम.

मला नवीन होतं ते पुढचं. नादारी सुटेपर्यंत दादाला वारसानं जे येईल तेही रिसीव्हरकडेच जातं. व्यवस्थापक या नात्यानं मी आत्याच्या सर्व चीजवस्तूंची यादी करावी आणि सुहास यांचा वाटा परस्पर त्यांच्या हाती देऊ नये, तसं केल्यास जबाबदारी माझ्यावर राहील, असं पत्रात लिहिलं होतं.

मी पत्र चार वेळा वाचलं. अभय, माझा नवरा, म्हणाला, "यात घाबरण्यासारखं काय आहे? जे आहे ते लिही."

रविवारी दादा आणि पूर्वावहिनी आले. दादानं रेवाला उचललं. ती रडायला लागली.

"काय हो रेवाबाई, मामाला ओळखत नाही? घाबरू नका, तुमच्याकडे उसने मागायला नाही आलो."

वहिनी हसल्या नाहीत. त्या पाण्याचा पेला हातात धरून बसल्या होत्या.

"पत्र आलं असेल तुला," दादा म्हणाला.

"आलं."

"बँकेतलं जाऊ दे. ते लपत नाही, आणि मला लपवायचंही नाही. पण पाटल्यांचं कुणाला ठाऊक आहे? तुला आणि मला."

"गजराबाईंना."

"ती काय बोलणार!" दादा पटकन म्हणाला आणि रेवाच्या पायाशी खेळू लागला.

"दादा, सगळ्याची यादी द्यायचीय. खाली माझी सही असणार."

"दे की. भांडी लिही, कपाट लिही, पंखा लिही."

वहिनींनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "मी काही मागत नाही, वन्सं. पण आत्यांनी सईच्या मनगटाचं माप दोऱ्यानं घेतलं होतं. दोन हिच्या, म्हणाल्या. तो दोरा अजून आहे सईकडे."

सई माझी भाची, तेव्हा अकरा वर्षांची. मी दादाकडे बघितलं. मी बारावीत असताना बाबा गेले. माझं बी.कॉम., एम.कॉम. मांडवाच्या पैशावर झालं. माझ्या लग्नात दादानं आपली सगळ्यात भारी कमान लावली होती आणि स्वतः शर्टाच्या बाह्या सरसावून पंगतीत वाढत फिरत होता. यातलं तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर कदाचित मला नाही म्हणता आलं असतं.

"बघते," मी म्हणाले.

"बघते म्हणजे?"

"नाही लिहीत."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन आत्याच्या खोलीवर गेले. रेवाला सोबत न्यायचं होतं म्हणून गजराबाईंना बरोबर घेतलं. त्यांनी रेवाला गोधडीवर निजवलं आणि फळीवरची भांडी एकेक खाली काढायला लागल्या.

"ल्ही. तांबे चार. ह्यो एक चेपलाय, चेपलेला म्हणून ल्ही, न्हायतर वकील म्हनंल पोरीनं बदलला."

मी चेपलेला तांब्या लिहिला. पातेली सात, झाकण्या पाच, कढई एक, कान तुटलेली. लोखंडी कपाट. टेबलफॅन, चालू. नऊवारी नव्हत्याच, सहावारी साड्या एकवीस. बी.पी. बघायचं यंत्र. बँकेच्या ठेवीच्या पावत्या. गजराबाई सांगत होत्या, मी लिहीत होते. कपाटाचा खण उघडला तेव्हा त्यात रिकामी मखमली डबी होती. पाटल्यांची. त्यांनी ती हातात घेतली, उघडली, मिटली आणि माझ्यासमोर ठेवली.

मी वहीत लिहिलं: डबी एक, रिकामी.

त्यांनी वहीकडे बघितलं. मग विचारलं, "झालं?"

"झालं."

"बरं," असं म्हणून त्यांनी रेवाला उचललं.

यादी टाइप करून मी मगदूम वकिलांच्या ऑफिसात नेऊन दिली. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, टेबलावर आल्याच्या वड्यांचा डबा. मला एक दिली. यादी त्यांनी ओळ न ओळ वाचली.

"चेपलेला तांब्या!" ते हसले. "इतकी चोख यादी माझ्या वकिलीत दुसरी आली नाही. आत्याबाईंनी माणूस बरोबर निवडलं."

"मला यातलं काही कळत नाही. मी फक्त लिहिलं."

"कळायचं एवढंच असतं, ताई. व्यवस्थापकाचा हात हा पोस्टमनचा हात. वस्तू ज्याची त्याला पोचवायची. तुमच्या भावाच्या वाट्यावर आता पत्ता माझा आहे, आणि माझ्यामागं हे सगळे आहेत."

त्यांनी एका कागदावर बोट ठेवलं. ज्यांचे पैसे बुडाले त्यांची यादी. कागद त्यांच्याकडे सुलट होता, मला उलटा. मला उलटं वाचायची सवय आहे. डॉक्टरांच्या टेबलावर, बँकेत, शाळेत, मी समोरच्याचा कागद आधी वाचून घेते. वर एक पतसंस्था होती, मग कापडवाले, झुंबरवाले. अकराव्या नंबरावर होतं: गजराबाई तुकाराम माळी, साठ हजार.

आल्याची वडी माझ्या तोंडात तशीच राहिली.

जिन्यातूनच मी दादाला फोन लावला. "गजराबाईंचेसुद्धा?"

तो म्हणाला, "आत्यानंच सांगितलं होतं तिला. बँकेपेक्षा माझा भाचा बरा, म्हणाली. दोन वर्षं महिन्याच्या महिन्याला व्याज पोचवलंय मी, ऋतू. मी काय चोर आहे का?"

"मला सांगायचंस ना."

"सांगून काय केलं असतंस?"

मी जिना उतरून रस्त्यावर आले.

"पुढच्या गुरुवारी मगदूमनी सगळ्यांना बोलावलंय," तो म्हणाला. "तुलाही बोलावतील. तू फक्त यादी बरोबर आहे एवढं म्हण."

त्यानंतरची सकाळ. ती मला तासातासानं नाही, मिनिटामिनिटानं आठवते.

गजराबाई नेहमीसारख्या साडेआठला आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचून न्हाणीत पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि रेवाला नडग्यांवर पालथं घातलं. कोमट तेल पाठीवर ओतलं. रोज या वेळी मी चहा टाकायची. त्या दिवशी मी दारातच उभी राहिले.

त्यांचे अंगठे रेवाच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वर जात होते, खाली येत होते. हेच हात मी तीन महिने बघत होते. आता मला वाटलं, या जोर लावताहेत. साठ हजार. महिन्याला पाच-सहा घरं करणारी बाई. या हातांना माहीत आहे की पाटल्या माझ्याकडे आहेत. या हातांनीच दिल्या. आणि माझी पोर या हातांत आहे.

"जरा हळू," मी म्हणाले.

हात थांबले. "काय?"

"हळू. नाजूक आहे ती."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चोळायला लागल्या, आधीसारखंच. सुलटं करून छाती चोळली, हात फुलीसारखे एकमेकांवर आणले, पाय नाकाला लावले. रेवा रोज इथं हसायची. त्या दिवशीही हसली. मग त्यांनी घंगाळातलं पाणी तांब्यानं घेतलं.

"थांबा! पाणी फार कढत आहे."

"कोपर घालून बघितलंय की मी."

मी वाकून पाण्यात हात घातला. रोजच्याइतकंच होतं. "कढत आहे," मी म्हणाले आणि थंड पाणी ओतलं.

गार पाणी अंगावर पडल्याबरोबर रेवा किंचाळली. तिचा आवाज ऐकून माझ्यात काय शिरलं कोण जाणे. मी तिला त्यांच्या पायांवरून हिसकावून घेतलं. साबणानं माखलेलं पोर माझ्या हातातून घसरलं. गजराबाईंनी ते खालून दोन्ही तळव्यांवर झेललं आणि माझ्या छातीशी लावलं.

मी रेवाला पंच्यात गुंडाळलं, बाहेर खाटेवर नेलं आणि उघडं करून बघायला लागले. पाठ, खांदे, बगला, मांड्या. डाव्या दंडावर लाल वळ दिसला. मी त्यावर बोट ठेवलं. माझ्याच बोटांचा वळ होता तो, चार बोटं, आता पकडलं तेव्हाचा.

गजराबाई दारात उभ्या होत्या. हात तेलकट, साडीतून पाणी गळतंय.

"बघ," त्या म्हणाल्या. "नीट बघून घे. पाठ बी बघ."

मी पंचा ओढून घेतला. "तसं नाही, गजराबाई. डॉक्टरांनी सांगितलंय. आता मालिश बंद करा म्हणाले. उद्यापासून मीच घालीन अंघोळ."

"कंच्या डाक्टरनी?"

"नवीन आहेत."

त्यांनी मोरीत जाऊन हात धुतले. राखेनं, साबणानं, पुन्हा साबणानं. मी महिन्याचे पैसे आणि वर दोनशे रुपये काढून ठेवले, ब्लाउजपीस ठेवलं, कुंकवाची डबी आणली. त्यांनी कुंकू लावून घेतलं. महिन्याचे पैसे कनवटीला लावले आणि दोनशे खाटेवर ठेवले.

"पैशाचं कळलं व्हय तुला?"

मी मान खाली घातली.

"आगं, तुज्या भावाकडचं पैसं वायलं आन् पोर वायलं. एवढं बी कळत न्हाई व्हय गं, शिकल्यालीला?"

त्या गेल्या. रेवा रडून रडून झोपली. तिच्या केसांत साबण तसाच वाळला.

गुरुवारी मगदूम वकिलांच्या ऑफिसात पंधरा-सोळा माणसं होती. खुर्च्या कमी पडल्या. झुंबरवाले म्हणाले, "सुहासराव, तुमच्या गोदामातल्या खुर्च्या आणायच्या होत्या," आणि काही जण हसले. दादाही हसला. भिंतीलगतच्या बाकावर गजराबाई पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी रेवाला अभयजवळ ठेवून आले होते आणि हातात काहीच नसल्यामुळे हात कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

मगदूम वकिलांनी माझी यादी मोठ्यानं वाचली. चेपलेल्या तांब्यापाशी पुन्हा हसले. मग म्हणाले, "व्यवस्थापक समोर आहेत. यादी पूर्ण आहे, ताई?"

"हो," मी म्हणाले.

"कुणाला याव्यतिरिक्त काही माहीत आहे?" कुणी बोललं नाही. त्यांनी चष्मा सारखा करून बाकाकडे बघितलं. "गजराबाई, शेवटी तुम्हीच आत्याबाईंजवळ होता. डबी रिकामी आहे म्हणतात. काही दागिना बघितला होता?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. फरशीवर कुणाच्या तरी चपलेचा चिखल वाळला होता.

गजराबाई उभ्या राहिल्या. "सायेब, सिस्टरचं जे काय हुतं ते मी माज्या हातानं ह्या पोरीच्या हातात दिलंय. मोजून. तिनं ल्ह्यायलं आसंल. सिस्टरनं तिलाच नेमलंय न्हवं? मग मला काय इचारता?"

आणि खाली बसल्या.

"मग प्रश्न मिटला," मगदूम म्हणाले आणि पान उलटलं.

तेव्हा मी बोलले. उभी राहून बोलले की बसून, ते आठवत नाही. "सर, चार पाटल्या राहिल्यात यादीत घ्यायच्या. माझ्या लॉकरला आहेत. दोन दादाच्या वाट्याच्या."

मगदूम वकिलांनी पेन उचललं. माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं.

"कशा राहिल्या?"

"नजरचुकीनं," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं. 'नजरचुकीने राहून गेलेल्या', असं. खाली मी सही केली. दादा उठून बाहेर गेला. जाताना त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीला लागला, तेवढाच. गजराबाई पदराच्या टोकाची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या.

दादाच्या दोन पाटल्या विकल्या गेल्या. बँकेतला त्याचा वाटाही त्यात मिळाला. सगळ्यांना प्रमाणात मिळालं. गजराबाईंना साडेचौदा हजार. माझ्या दोन्ही पाटल्या मी सईला नेऊन दिल्या. वहिनींनी घेतल्या आणि दार लावलं. दोन वर्षं दादा राखीला आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, पेढे घेऊन, आणि रेवाला म्हणाला, "ओळखलंस का मामाला?" आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

रेवा चार वर्षांची असताना मला मुलगा झाला. विसाव्या दिवशी मी गजराबाईंच्या घरी गेले. सोबत साडी नेली होती, नारळ नेला होता. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. "ये, पोरी," म्हणाल्या, आणि चहा टाकला. रेवा किती मोठी झाली, शाळेत जाते का, जेवते का, सगळं विचारलं.

"गजराबाई," मी म्हणाले, "मुलाला तुमच्याच हातची अंघोळ हवी होती. मी दुसरी कुणी बघितलेली नाही."

त्यांनी चहाचं उकळतं पातेलं पक्कडीत धरलं आणि उचललं.

"न्हाई जमायचं गं आता. हात थरथरत्यात माजं. पोर निसटायचं."

दोन अरुंद तोंडाचे पेले समोर होते. एका हातानं त्यांनी गाळणं धरलं, दुसऱ्या हातानं ओतलं. पहिला पेला काठोकाठ भरला, मग दुसरा. खाली फरशीवर एक थेंब पडला नाही.

"हो," मी म्हणाले. "वय झालं तुमचं."

आणि चहा प्यायले.